मल्लण्णांची उजवी बाजू

हुमनाबादच्या आमच्या हौशी नाटक मंडळात सातची तालीम आठला सुरू व्हायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचंही नाही. मल्लण्णा आले आणि हे बंद झालं. ते सगळ्यांच्या आधी येऊन शाळेच्या हॉलच्या पायरीवर बसायचे. गळ्याभोवती चौकडीचा रुमाल, पायाशी पाण्याची बाटली. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मान डोलवून जमेस धरायचे. शेवटचा माणूस आला की उठून आत यायचे, हॉलभर नजर फिरवायचे आणि पत्रा थरथरेल अशा आवाजात विचारायचे, "समदे बसले का? मग सोडा."

उभा जन्म त्यांनी सरकारी बस चालवली, त्यातली कितीतरी वर्षं गाणगापूरच्या रस्त्यावर. निवृत्त होऊन जवळच निर्णा गावी घरी बसले होते, पण बस काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. बोलता बोलता डावा हात आपोआप खाली जायचा आणि नसलेला गिअर बदलून वर यायचा. कुठूनही निघताना, अगदी चहाच्या टपरीवरून उठतानाही, आधी उजवीकडं मान वळवून मागं बघायचे. बोलणं मराठी, हिशेब कन्नड, आणि मूड चांगला असला की दखनी. "क्या टीचर, आज देर?" म्हणून मला विचारायचे. मी शाळेत शिक्षिका आणि मंडळात प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक घेऊन उभं राहायचं आणि कुणी वाक्य विसरलं तर हळूच सांगायचं, एवढंच माझं काम.

त्यांना मंडळात आणलं कमलाक्कांनी. कमलाक्का संगीताच्या निवृत्त शिक्षिका. नाटक त्यांनीच लिहायचं, चाली त्यांनीच लावायच्या, पेटी त्यांनीच वाजवायची आणि रागवायचंही त्यांनीच. एका नातेवाइकाकडं निर्ण्याला गेल्या असताना सकाळी मठातून भजनाचा आवाज आला. असा भरदार, मोकळा आवाज की अक्का हातातला उपमा तसाच ठेवून मठात गेल्या. मल्लण्णा डोळे मिटून गात होते. भजन संपल्यावर अक्कांनी विचारलं, "नाटकात काम करताव का?"

मल्लण्णा म्हणाले, "लोकांकडं तोंड करून बसायचं असंल तर करतो."

अक्कांना कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. "अक्का, आयुष्यभर माणसं माझ्या पाठीमागं बसली. मागं कुणी रडलं, कुणी हासलं, कुणी भांडलं, एकीचं तर बाळंतपण झालं. म्या फकस्त रस्ता बघितला. एकदा माणसांकडं तोंड करून बसावं वाटायलंय."

असे ते आले. घरातून विरोध नव्हता, पण उत्साहही नव्हता. त्यांची बायको नागम्मा म्हणाली होती म्हणे, जाऊ दे, तेवढाच म्हशीला आराम. त्यांनी गोठ्यात गायला सुरुवात केली की म्हैस पान्हा चोरायची.

आमचं नाटक होतं ‘संगीत मांजराकाठ’. मांजरा आमच्याकडची नदी. बाहेरगावच्या एका पाहुण्यांनी जाहिरात वाचून, हे बालनाट्य आहे का, मांजरांचं आहे का, असं फोनवर विचारलं होतं. अक्का आठवडाभर त्यांच्यावर चिडून होत्या. गोष्ट साधी. एका नावाड्याला पुरात वाहून आलेली मुलगी सापडते. तो तिला वाढवतो. लग्न झाल्यावर आपलीच नाव घेऊन तो तिला पलीकडच्या काठावर सोडायला निघतो आणि वाटेत दोघं मिळून एक गाणं म्हणतात. नाटकाचा सगळा जीव त्या गाण्यात.

*हळू हळू नेतो बाई, पाणी झोपलंय गं,*
*तुझ्या पैंजणाचा नाद पुरे त्याला...*

मल्लण्णा नावाडी. मुलीचं काम सविता करायची, ती दवाखान्यात नर्स होती. कोवळा, पातळ आवाज. पहिल्या रांगेपर्यंत पोचतो की नाही अशी शंका यावी असा.

पहिले काही दिवस मजेत गेले. बांबूच्या कामट्यांची आणि रंगवलेल्या कापडाची नाव केली होती, मागं एक लाकडी चौकी. मल्लण्णांच्या हातात वल्हं दिलं तर ते दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखं धरायचे. वळणावर आधी मागं बघायचे. मधेच कुणी आडवं आलं तर पाय जोरात खाली दाबायचे. हसून हसून आमची वाट लागायची आणि तेही आमच्यात सामील व्हायचे. पण काम मात्र मन लावून. नदी खरी कशी असते ते बघायला एका रविवारी एकटेच जनवाड्याच्या पुढं मांजरेच्या काठावर जाऊन बसून आले. दुसऱ्या दिवशी सांगत होते, "टीचर, नाव चालवणाऱ्याला घाई नसती. गाडीत आपण पुढं जातो. पाण्यात पाणीच पुढं जातंय, आपण निस्तं संगं व्हायचं." त्या दिवसापासून त्यांचं वल्हं एकदम सुटसुटीत झालं. हात सैल पडले, खांदे उतरले. बसून बघणाऱ्या अक्कांनी पेटीवरची बोटं उचलून, "हां," एवढंच म्हटलं. अक्कांचं ‘हां’ म्हणजे इतरांच्या टाळ्या.

अडलं ते गाण्यापाशी.

एकटे गायले की मल्लण्णा सुरात. सवितासोबत गायले की कुठल्या कुठं. तिची ओळ संपायच्या आत सुरू करायचे, नाहीतर ती संपून गेली तरी गप्प राहायचे. पट्टी सुटायची. आणि आवाज तर असा की ‘पाणी झोपलंय’ म्हणताना बाहेरच्या लिंबावरची पाखरं उडायची.

"मल्लण्णा, हळू," अक्का म्हणायच्या. "ह्या आवाजानं पाणी तर उठलंच, मासे बी काठावर येतेत."

"हौ अक्का, हळू म्हणतो," म्हणायचे आणि पुन्हा तसंच.

मला वेगळीच गंमत वाटायची. त्यांचं वाक्य अडलं की मी विंगेतून सांगायची, पण माझा शब्द ते कधी घ्यायचेच नाहीत. स्वतःच काहीतरी जुळवून वेळ मारून न्यायचे. मला वाटायचं, माणूस मानी आहे, बाईचा प्रॉम्प्ट घ्यायचा नसेल. अक्कांना वाटायचं, हट्टी आहे. सविता बिचारी घरी जाताना रडकुंडीला यायची. प्रयोग जवळ येत चालला, तसे मंडळातले लोक कुजबुजायला लागले. कलबुर्गीला एक शिकलेला गवई होता, तो यायला तयार होता. चार तालमींत काम बसवतो म्हणाला होता.

अक्कांनी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मल्लण्णा पायरीवर बसले होते, बशीत चहा ओतून फुंकर घालत. अक्का त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या. अक्कांना त्यांचा चारचौघांत अपमान करायचा नव्हता, म्हणून आवाज अगदी खाली आणून बोलल्या. पण आम्ही जवळच होतो, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मल्लण्णा, राग धरू नका. तुमचा आवाज सोन्यासारका हाय, पर हे काम तुमच्यानं हुयना. उद्यापास्नं तुमी येऊ नका."

सविता चहा वाटत होती. ती किटली हातात धरून तशीच थांबली. मी खाली बघितलं.

मल्लण्णांनी बशी संपवली, रुमालानं मिशी पुसली आणि अक्कांकडं वळून छान हसले. "हौ अक्का, हौ. उद्या जरा लवकरच येतो. म्हंजे गाणं दोनदा म्हणून बघता येतंय."

अक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या, पायरीवरून वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणाल्या, "चहात साखर कमी हाय का?"

"न्हाई की. बरोबर हाय."

अक्का पुन्हा उठून डावीकडं आल्या. "आलं घातलंय का चहात?"

मल्लण्णा समोर बघत राहिले. एका कुत्र्याला त्यांनी हाड् केलं. अक्का त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"डावा कान कधीपास्नं गेलाय?"

मल्लण्णांनी बशी खाली ठेवली. इतका वेळ चेहऱ्यावर असलेलं हसू हळूहळू विरलं. मोठ्या माणसाला असं पकडलेलं बघणं बरं वाटत नाही. आम्ही आत जायला लागलो, तर तेच म्हणाले, "थांबा की समदे. आता काय लपवायचं."

जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, आतच असायचं. इतकी वर्षं ते कानाशी धडधडत होतं. आधी शिट्टीसारखं काहीतरी वाजायला लागलं आणि मग एके दिवशी शिट्टीपण थांबली. नोकरीत त्यांनी हे अजिबात लपवलं नव्हतं. स्वतः साहेबाकडं जाऊन सांगितलं होतं, मला गाडीवरून उतरवा, माझ्या अर्ध्या कानावर पन्नास माणसं बसवू नका. शेवटची वर्षं डेपोत बसून काढली.

"मग हितं कामून न्हाई सांगितलं?" अक्कांनी विचारलं.

"तिथं दुसऱ्यांचा जीव व्हता अक्का, म्हणून सांगितलं," मल्लण्णा म्हणाले. "हितं माझाच जीव व्हता. म्हणून न्हाई सांगितलं."

अक्का बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मला वाटलं, आता निरोप देतील. त्या उठल्या आणि आत जात जात ओरडल्या, "काय बघायलाव समदे? चला. नाव उलटी फिरवा!"

त्या संध्याकाळी आम्ही अख्खं नाटक उलटं केलं. पेटी डावीकडून उजवीकडं गेली. तबला तिच्यामागं गेला. सविताची प्रत्येक जागा बदलली. ती भाकरी थापायची ती चूल, ती लपायची ते झाड, तिचा नवरा यायचा ती वाट, सगळं मल्लण्णांच्या उजव्या हाताला. मीसुद्धा पुस्तक घेऊन उजव्या विंगेत गेले. नाव फिरवल्यावर नदी उलट्या दिशेला वाहायला लागली, तर अक्का म्हणाल्या, वाहू दे.

मग गाणं घेतलं. सविता त्यांच्या उजवीकडं बसली आणि तिनं तिची ओळ म्हटली. मल्लण्णा वल्हं हातात धरून तसेच राहिले. त्यांची ओळ आली आणि गेली, तरी ते गायले नाहीत. सवितानं घाबरून अक्कांकडं बघितलं.

"एवढं हळू म्हणती व्हय ही?" मल्लण्णा म्हणाले. "मला वाटायचं, पोरगी निस्तं तोंडच हलवायलीय." आणि तिला म्हणाले, "परत म्हण गं माय. एकदा ऐकू दे."

तिनं पुन्हा म्हटलं. यावेळी ते तिच्या मागोमाग गायले, आणि आवाज आपोआप खाली आला. कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या आवाजाला धक्का लागू नये एवढाच आवाज त्यांनी काढला. इतके दिवस त्या आवाजाची ताकद आम्हाला माहीत होती. त्यात एवढी माया आहे हे त्या दिवशी कळलं. बाहेरची पाखरं लिंबावरच राहिली.

कलबुर्गीच्या गवयाला कुणीतरी फोन करून नको म्हणून कळवलं.

मधे त्यांच्या मुलानं सोलापूरहून कानाचं मशीन आणून दिलं. मल्लण्णा मोठ्या हौसेनं ते घालून तालमीला आले आणि बसल्या बसल्या दचकायला लागले. पंखा ऐकू येत होता, सदऱ्याची कॉलर ऐकू येत होती, कुणी शेंगा फोडल्या तरी ते वळून बघत होते. पेटी सुरू झाली तर म्हणाले, "अक्का, पेटीत कुणी खडे घातलेत का?" थोड्या वेळानं मशीन काढून त्यांनी खिशात ठेवलं. घरी मात्र घालायचे. नागम्मा काय म्हणते ते नीट कळतं म्हणायचे, आणि लगेच, "त्यो बी तोटाच हाय," असं पुढं जोडायचे.

पहिला प्रयोग जनवाड्याला, जत्रेत. दुपारी सामान घेऊन पोचलो आणि अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. गावकऱ्यांनी स्टेज देवळाच्या भिंतीला टेकवून बांधलं होतं. उजवी बाजू सगळी बंद. पेटी ठेवायला जागा होती ती फक्त डावीकडं. स्टेज हलवणं शक्य नव्हतं. माणसं सतरंज्या टाकून बसायलाही लागली होती. मी कशीबशी भिंत आणि पडद्याच्या फटीत उभी राहू शकत होते, पण पेटी तिथं मावत नव्हती.

मल्लण्णांनी स्टेजवर एक चक्कर मारली. भिंतीवर हात ठेवून बघितला. "काय न्हाई अक्का," ते म्हणाले, "पेटी न्हाई तर न्हाई, सविताच्या सुरावर म्हणतो." पण त्यांचा चेहरा उतरला होता.

अक्का कधीही स्टेजवर आल्या नव्हत्या. त्यांच्या लहानपणी घरात गाणं चालायचं, पण लोकांपुढं बसणं चालत नव्हतं. वडिलांचा शब्द त्यांनी जन्मभर पाळला. शेकडो मुलींना स्टेजवर पाठवलं, स्वतः मात्र विंगेतच राहिल्या. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं शेवटच्या प्रवेशाला पडदा उघडला आणि नावेतल्या चौकीवर, मल्लण्णांच्या उजव्या हाताला, डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी मांडीवर पेटी घेऊन बसलेली दिसली, तेव्हा मी पुस्तकातलं पानच हरवलं.

मल्लण्णाही क्षणभर थबकले. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पलीकडं सविता नवरीच्या वेशात, तिचाही आ वासलेला. नाटकात तिथं प्रवासी नाहीच. प्रेक्षक वाट बघत होते. मल्लण्णांनी वल्हं टेकवलं, अक्कांकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघालं,

"बसा अक्का, बसा. जरा सरकून घ्या, पोरगीला जागा द्या. पेटीचं तिकीट न्हाई घेत म्या."

सगळी जत्रा हसली. त्यातल्या अर्ध्या लोकांनी कधी ना कधी मल्लण्णांच्या गाडीतून प्रवास केला होता. हसणं ओसरलं तसा अक्कांनी भाता हलवला. मग सविता गायली. मग मल्लण्णा. जत्रेतला पाळणा लांब कुठंतरी कुरकुरत होता, तेवढाच काय तो दुसरा आवाज. पुढच्या रांगेत नागम्मा बसली होती. गाणं संपल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईला ती कन्नडमध्ये म्हणाली, हा माझा नवरा आहे. त्या बाईला ते आधीपासून माहीत होतं, तरी दोनदा म्हणाली.

पुढं प्रत्येक प्रयोगात अक्का नावेत बसल्या. लोकांना वाटलं, नाटक तसंच लिहिलेलं आहे. एका स्पर्धेतल्या परीक्षकानं तर त्या म्हाताऱ्या प्रवासिणीचा अर्थ काय असावा, यावर आम्हाला बरंच समजावून सांगितलं. मल्लण्णा अत्यंत गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत होते.

शेवटचा प्रयोग गाणगापूरला झाला. टेंपोत मल्लण्णा आणि मी शेजारी होतो, मी अर्थातच उजवीकडं. रस्त्याकडं बघता बघता ते म्हणाले, "टीचर, त्या दिशी चहाच्या टायमाला अक्कांनी मला काडलं व्हतं न्हवं?"

मी पुन्हा खाली बघितलं.

"ऐकू काईच न्हाई आलं. पर सविताची किटली तशीच थांबली. तुमी खाली बघितलाव. तवाच समजलं."

"मग तुम्ही उद्या लवकर येतो असं..."

"मग काय करू?" ते खळखळून हसले. "ऐकूच आलं न्हाई तर जायचं कसं?" आणि बोट तोंडावर ठेवून पुढं बसलेल्या अक्कांकडं डोळ्यानं खूण केली. मी आजपर्यंत अक्कांना हे सांगितलेलं नाही.

त्यानंतर माझी बदली आळंदला झाली. पुढच्या हिवाळ्यात सविताचा फोन आला. मल्लण्णा झोपेत गेले होते. संध्याकाळी भजन म्हणून आले होते, ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी पोटभर खाल्ली होती. मला जाता आलं नाही. त्यामुळं माझ्याकडं त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते गाणगापूरच्या प्रयोगानंतरच्या सकाळचं.

आम्ही सगळे संगमावर गेलो होतो. ऊन नुकतंच पाण्यावर उतरलं होतं. मल्लण्णा धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे. रात्रीचा रंग कानामागं थोडा राहिला होता. महाराष्ट्रातून आलेली एक तरुण बाई काठावर चुळबुळत होती. तिला बुडी मारायची होती आणि कडेवरचं लेकरू कुणाकडं द्यावं कळत नव्हतं. तिनं चारचौघांकडं बघितलं आणि सरळ मल्लण्णांच्या हातात दिलं. "आजोबा, जरा धरता का?"

लेकरू रडलं नाही. मल्लण्णा त्याला एकेक गोष्ट दाखवून कन्नडमध्ये नाव सांगायला लागले. "नीरू," पाण्याकडं बोट. "कल्लू," दगडाकडं. लेकरू त्यांच्या ओठांकडं टक लावून बघायचं आणि "नी, नी" करायचं. मग ते मोठ्यांदा हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. काठावरून नागम्मानं हाक मारली, चहा निवायलाय. त्यांनी नुसता हात वर केला.

ती बाई बुडी मारून आली. केसांतून पाणी गळत होतं. तिनं हात पुढं केले. "द्या की आजोबा."

"थांब की माय," मल्लण्णा म्हणाले, "हितं पायापाशी एक मासा आलाय. तेवढा दावतो ह्याला, मग देतो." आणि लेकराला पोटाशी धरून ते हळूच पाण्यात वाकले.